सव्वीस इंचांचा कोपरा

प्रस्तावना

घरात नवी वस्तू घ्यायची ठरली की तिची किंमत, तिचा रंग, शेजाऱ्यांकडे कोणती आहे, हप्ते किती पडतील, यांविषयी पुष्कळ बोलणे होते. ती ठेवायची कुठे, हा प्रश्न मात्र बहुधा वस्तू दारात येऊन उभी राहिल्यावर सुचतो. कपडे धुण्याच्या यंत्राच्या बाबतीत असे घडले तर पंचाईत मोठी असते. खुर्ची मावली नाही तर ती दुसऱ्या खोलीत नेता येते. धुण्याच्या यंत्राला मात्र नळ लागतो, सांडपाण्याची वाट लागते, विजेची जोडणी लागते आणि शेजारी उभे राहून काम करणाऱ्या माणसालाही जागा लागते. या पाठात एका लहान स्वयंपाकघरात जुन्या यंत्राच्या जागी नवे यंत्र कसे बसवले जाते, ते पाहायचे आहे. हा पाठ वाचल्यावर तुम्हाला मोजमापाची भाषा नेमकेपणाने वापरता येईल आणि माहितीपत्रकातील आकड्यांचा आपल्या घराशी संबंध लावता येईल.

मूळ पाठ

कुम्हारी हे छत्तीसगडच्या दुर्ग जिल्ह्यातील गाव. रायपूर आणि भिलाई यांच्या मध्ये, राष्ट्रीय महामार्ग ५३ आणि मुंबई-हावडा लोहमार्ग यांच्या वाटेवर ते वसले आहे. गावाच्या पूर्वेला खारून नदी वाहते. १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत हा प्रदेश आणि विदर्भ एकाच राज्यात होते व त्या राज्याची राजधानी नागपूर होती. पुढे ४ फेब्रुवारी १९५९ रोजी भिलाईच्या पोलाद कारखान्याची पहिली झोतभट्टी सुरू झाली आणि देशाच्या सर्व भागांतून माणसे इकडे कामाला आली. त्यांत मराठी भाषकही होते. भिलाईच्या कारखान्यात रेल्वेचे रूळ तयार होतात. रुळाच्या मापात मिलिमीटरची चूकही खपत नाही. त्याच परिसरातल्या घरांत मात्र वस्तूंची मापे अजून विती-हातांनी घेतली जातात, ही गंमतीची गोष्ट आहे.

कुम्हारीतील असे एक मराठी घर डोळ्यांसमोर आणावे. घर एकमजली. स्वयंपाकघर आठ फूट लांब आणि सात फूट रुंद, म्हणजे सुमारे २४४ बाय २१३ सेंटीमीटर. एका भिंतीला ओटा, ओट्याच्या टोकापुढे मोरी. ओटा आणि मोरीची भिंत यांच्या मधल्या कोपऱ्यात दोन टाक्यांचे जुने अर्धस्वयंचलित यंत्र उभे आहे. एका टाकीत कपडे धुवायचे, मग ओले कपडे उचलून दुसऱ्या टाकीत पिळायला घालायचे, ही त्याची रीत. हे काम सासूबाई करतात, कारण सून सकाळी साडेआठला कामावर जाते. सासूबाईंचे गुडघे दुखतात. ओल्या चादरींचे वजन आता त्यांना उचलवत नाही. यंत्राचा पिळण्याचा भागही थकला आहे. त्यामुळे पावसाळ्यात कपडे दोन दोन दिवस वाळत नाहीत. घराने थोडे पैसे बाजूला ठेवले आहेत. ते एकदाच खर्च होणार, पुन्हा पुन्हा नाही. म्हणून निवड चुकणे या घराला परवडणारे नाही.

पहिल्यांदा मनात आले ते समोरून उघडणारे यंत्र. ओट्याखाली सरकवले की जागाही वाचेल, असा साधा विचार. तथापि मोजपट्टी लावल्याबरोबर तो मागे पडला. अशा यंत्राची उंची सामान्यतः ८५ सेंटीमीटर असते. या घरातील ओट्याची उंची ८२ सेंटीमीटर आहे. त्यातून दगडी फरशीची जाडी वजा केली की खाली जेमतेम ७८ सेंटीमीटर उरतात. यंत्र ओट्याखाली जाणे शक्यच नाही. असे का व्हावे? युरोपातील स्वयंपाकघरांत कामाचा कट्टा साधारण ९० सेंटीमीटर उंच असतो आणि ८५ सेंटीमीटर उंचीचे यंत्र त्याखाली नीट बसते. ब्रिटनमध्ये तर धुण्याचे यंत्र स्वयंपाकघरातच ठेवण्याची जुनी वहिवाट आहे. आपल्याकडे ओटा गवंडी बांधतो तो स्वयंपाक करणाऱ्या स्त्रीच्या उंचीच्या अंदाजाने, आणि तो अंदाज ८० ते ८५ सेंटीमीटरांच्या आसपास येतो. म्हणजे यंत्र आपल्याबरोबर दुसऱ्याच स्वयंपाकघराचे माप घेऊन येते. जपानमध्ये अनेक सदनिकांत यंत्रासाठी ६४ सेंटीमीटर चौरस तबक जमिनीत आधीच बसवलेले असते आणि यंत्रे त्या तबकात मावतील अशी बनवली जातात. आपल्या घरांत मात्र यंत्राची जागा कोणी आखून ठेवलेली नसते. तिथे आधीपासून मोरी असते.

मोरीचा विचार केल्याशिवाय मराठी घरातील धुण्याचा विचार पुरा होत नाही. मुंबईच्या बीडीडी चाळी १९२० च्या दशकात बांधल्या गेल्या. तेथील खोली १६० चौरस फुटांची, म्हणजे सुमारे १५ चौरस मीटर. तेवढ्यात संसार, चूल आणि कोपऱ्यातली मोरी. भांडी तिथेच, धुणे तिथेच. अशा घरांत यंत्र आले तेव्हा ते मोरीच्या आश्रयानेच उभे राहिले, कारण पाणी येण्याची आणि जाण्याची वाट तिथेच होती. कुम्हारीच्या या घरातही तोच न्याय लागू आहे. म्हणून ओट्याखालचा विचार सोडून जुन्याच कोपऱ्याकडे वळावे लागले.

कोपऱ्याची रुंदी सासूबाईंनी शिवणाच्या फितीने मोजली होती : सव्वीस इंच. एक इंच म्हणजे २.५४ सेंटीमीटर, तेव्हा ही जागा ६६ सेंटीमीटर झाली. नव्या यंत्राची रुंदी माहितीपत्रकात ६०० मिलिमीटर, म्हणजे ६० सेंटीमीटर. सहा सेंटीमीटर शिल्लक! हिशेब अगदी बरोबर दिसतो. पण तो जमिनीवरचा हिशेब आहे. सुनेने तीन ठिकाणी मोजून पाहिले. जमिनीलगत ६६, गुडघ्याच्या उंचीवर ६५, आणि ओट्याच्या पातळीवर अवघे ६२. ओट्याच्या फरशीची कड दोन सेंटीमीटर बाहेर आली होती आणि भिंतही ओळंब्यात नव्हती, वर जाताना आत झुकली होती. भिंत सरळ आहे असे डोळ्यांना वाटते. ओळंबा सोडला की खरे काय ते कळते. जागेचे माप म्हणजे तिच्या सर्वांत अरुंद ठिकाणचे माप. ही गोष्ट जुन्या यंत्राने कधी कळू दिली नव्हती, कारण ते आडवे न ठेवता उभे ठेवले होते आणि त्याची ४८ सेंटीमीटरची बाजू समोर येत होती. उरलेल्या फटीत बादली आणि पोछा राहत असे.

रुंदीनंतर खोली. माहितीपत्रकात लिहिलेली खोली हे केवळ यंत्राच्या पेटीचे माप असते. मागे पाण्याची नळी वळते, सांडपाण्याची नळी वळते. त्यांना दाबून यंत्र भिंतीला चिकटवले तर नळी मुडपते. त्यासाठी आठ-दहा सेंटीमीटर सोडावे लागतात. ५५ सेंटीमीटर खोलीचे यंत्र अशा प्रकारे ६५ सेंटीमीटर जागा घेते. समोरच्या भिंतीला शीतकपाट आहे, तेही सुमारे ६५ सेंटीमीटर पुढे आलेले. २१३ मधून दोन्ही वजा केले की मध्ये ८३ सेंटीमीटर राहतात. कागदावर ही जागा पुरेशी आहे.

कागदावरच्या जागेवर विसंबू नये म्हणून घरातल्या मुलाने जमिनीवर खडूने यंत्राचा चौकोन आखला आणि त्याच मापाचे रिकामे खोके त्यावर ठेवले. सासूबाईंनी कपड्यांची टोपली घेऊन खोक्यासमोर बसून पाहिले. बसताना पाठ शीतकपाटाला लागली. उठताना धरायला काहीच नव्हते. दोनदा बसून उठल्यावर त्यांनी मान हलवली. माहितीपत्रकात या गोष्टीसाठी रकाना नसतो. यंत्र मावते की नाही हे मोजपट्टी सांगते, पण यंत्र वापरता येईल की नाही हे त्याच्यापाशी काम करणारी व्यक्तीच सांगू शकते. आणि खरेदीच्या वेळी नेमके तिलाच विचारायचे राहून जाते.

पाठगत प्रश्न १
जमिनीलगतची रुंदी ६६ सेंटीमीटर असूनही तो हिशेब अपुरा का ठरला? जुन्या यंत्रामुळे ही अडचण पूर्वी लक्षात का आली नव्हती?

आता वरून उघडणाऱ्या पूर्णस्वयंचलित यंत्राचा विचार सुरू झाला. त्याची रुंदी ५४ सेंटीमीटर, खोली ५६, उंची ९५. रुंदीचा प्रश्न मिटला. वाकावे लागते ते थोडे, बसावे तर मुळीच लागत नाही. परंतु झाकण उघडल्यावर उंची १३० सेंटीमीटरपर्यंत जाते आणि कोपऱ्यावर, जमिनीपासून १२० सेंटीमीटरवर, डब्यांची फळी आहे. फळी वर सरकवता येते. गुडघे बदलता येत नाहीत. फळी १४५ सेंटीमीटरवर न्यायचे ठरले. रोजचे डबे तेवढ्यावर हाताला येतात.

या यंत्रात एक उणेपणही आहे, ते लपवून ठेवण्यात अर्थ नाही. समोरून उघडणाऱ्या यंत्रात पिंप आडवे फिरते आणि कपडे थोड्या पाण्यात वरखाली होतात. वरून उघडणाऱ्या यंत्रात कपडे बुडतील एवढे पाणी भरावे लागते. उन्हाळ्यात कूपनलिकेचे पाणी खाली गेले की हा फरक जाणवणार. त्यावर उपाय म्हणून शेवटच्या खळबळणीचे पाणी बादलीत घेऊन लादी पुसायला वापरायचे, एवढे घराने ठरवले.

पाण्याविषयी आणखी एक गोष्ट येथे सांगायला हवी, कारण एकमजली घरांत ती वारंवार आडवी येते. यंत्राच्या झडपेतून पाणी आत येण्यासाठी त्याला पुरेसा दाब लागतो. दहा मीटर उंचीच्या पाण्याचा दाब सुमारे एक बार असतो. या घराच्या गच्चीवरील टाकीचा तळ जमिनीपासून साडेतीन मीटरवर आहे आणि यंत्राचे पाण्याचे तोंड ९५ सेंटीमीटरवर. फरक अडीच मीटरांचा, म्हणजे दाब पाव बार. अनेक समोरून उघडणाऱ्या यंत्रांच्या माहितीपत्रकांत किमान ०.३ बार दाब मागितलेला असतो. अशा घरात ते यंत्र पाण्याची वाट पाहत अडून बसते आणि लोक यंत्रालाच दोष देतात. वरून उघडणाऱ्या काही यंत्रांना याहून कमी दाब चालतो; तो आकडा विकत घेण्यापूर्वी माहितीपत्रकात पाहावा. नाही तर टाकी एखादा मीटर उंच करावी किंवा दाब वाढवणारा छोटा पंप बसवावा. जुन्या यंत्राला यांपैकी कशाचीच गरज नव्हती. नळ मंद असला तर त्यात बादलीने पाणी ओतता येत असे.

पाणी जड असणे हाही या भागातला अनुभव आहे. दुर्ग-रायपूरच्या परिसरात जमिनीखाली चुनखडक आहे. भिलाईच्या कारखान्याला लागणारा चुनखडक जवळच्याच नंदिनी येथील खाणीतून येतो. अशा खडकातून झिरपलेल्या पाण्यात साबणाला फेस कमी येतो आणि पाणी तापवणाऱ्या यंत्राच्या तापकावर पांढरा थर चढतो. निवडलेल्या यंत्रात तापक नाही, त्यामुळे ही काळजी येथे कमी झाली.

सांडपाण्याच्या नळीचा नियम मात्र प्रत्येकाने नीट समजून घ्यावा. जुन्या अर्धस्वयंचलित यंत्रात बहुधा पंप नसतो. पाणी स्वतःच्या वजनाने खाली जाते, म्हणून त्याची नळी जमिनीवर सपाट टाकावी लागते. ती उचलून अडकवली तर पाणी आतच तुंबते. समोरून उघडणाऱ्या यंत्रात पंप असतो आणि तिथे नेमके उलट असते. नळीचे टोक साधारण ६० ते १०० सेंटीमीटर उंचीवर नेऊन मग खाली सोडावे लागते. ते जमिनीवर पडलेले राहिले तर वक्रनलिकेसारखी क्रिया सुरू होते : नळातून पाणी आत येते आणि त्याच वेळी बाहेर निघून जाते. यंत्र भरतच नाही. जुन्या यंत्राचे भिंतीतले भोक तेच, नळीची जागा तीच, आणि तरीही नियम उलटा. वरून उघडणारी यंत्रे दोन्ही प्रकारची मिळतात. पंप असलेले की नसलेले, हे दुकानातच विचारावे. या घराने पंप नसलेले घेतले, तेव्हा मोरीतले जुने भोकच उपयोगी पडले.

विजेची बाब थोडक्यात पण गांभीर्याने. तापक असलेले यंत्र सुमारे २,००० वॅट वीज घेते. २३० व्होल्टला त्याचा प्रवाह जवळजवळ ९ अँपिअर होतो. ६ अँपिअरच्या साध्या खोबणीत किंवा लांबवलेल्या तारेवर ते लावले तर तार तापते, खोबणी वितळते. त्यासाठी १६ अँपिअरची, भूसंपर्क असलेली खोबणी हवी. यंत्राला तापक नसला तरी भूसंपर्क हवाच. ओली लादी, ओले हात आणि पत्र्याची पेटी एकत्र आली की तिसऱ्या पिनेवर माणसाचा जीव अवलंबून असतो. तारतंत्र्याने खोबणीत भूसंपर्क खरोखर आहे का, हे तपासून घ्यावे. तीन भोके दिसली म्हणजे तो आहे असे नव्हे.

या कोपऱ्याच्या अलीकडे, ओट्याखाली, गॅसची टाकी असते. जागेच्या ओढाताणीत ती हलवण्याचा मोह होतो. गॅस हवेपेक्षा जड असल्यामुळे गळती झाली तर तो जमिनीलगत साचतो. म्हणून विजेची खोबणी टाकीजवळ खाली बसवू नये, टाकी बंद कपाटात कोंबू नये आणि रबरी नळी जोड देऊन लांबवू नये. या घराने टाकी होती तिथेच ठेवली आणि खोबणी मोरीच्या शिंतोड्यांपासून दूर, छातीच्या उंचीवर घेतली.

पाठगत प्रश्न २
टाकीचा तळ जमिनीपासून पाच मीटरवर आणि यंत्राचे पाण्याचे तोंड एक मीटरवर असेल, तर पाण्याचा दाब अंदाजे किती बार होईल?

यंत्र येण्याच्या दिवशी शेवटची अडचण दारात उभी राहिली. स्वयंपाकघराच्या दाराची चौकट आतून ६४ सेंटीमीटर, उघडे दार तीन सेंटीमीटर खाते, उरतात ६१. वेष्टनासह खोके ६५ सेंटीमीटरचे होते. सुनेने हे आदल्या रात्री मोजून ठेवले असल्यामुळे खोके ओसरीवरच उघडले गेले आणि यंत्र हातांनी उचलून सरळ आत आले. नाही तर बिजागऱ्या काढून दार उतरवावे लागले असते. तेही करता येते, फक्त मालवाहू गाडीवाला घाईत असताना नव्हे. समोरून उघडणारे यंत्र साठ-सत्तर किलोंचे असते आणि त्याच्या पिंपाला प्रवासासाठी मागून खिळवून ठेवणारे बोल्ट असतात. ते न काढता यंत्र सुरू केले तर ते खोलीभर थडथडत फिरते. हे यंत्र त्यामानाने हलके होते.

कोपऱ्यातली लादी मोरीकडे उतरती होती. मिस्त्रीने पाणसळ ठेवून यंत्राचे पाय फिरवले आणि चारही पाय टेकल्यावर समोरासमोरच्या कोपऱ्यांवर हाताने दाबून डुलते का ते पाहिले. एका पायाखाली पुठ्ठ्याची घडी सारण्याचा सल्ला शेजारून आला होता. तो मानला गेला नाही हे बरे झाले, कारण पुठ्ठा ओला होतो, दबतो आणि महिन्याभरात यंत्र पुन्हा वाकडे उभे राहते.

कपडे न घालता एक धुणे चालवून पाहिले. नळाच्या जोडाखाली कोरे वर्तमानपत्र पसरले होते. त्यावर थेंबाचा डाग उमटला नाही. जुने यंत्र ओसरीवर होते. विजेवर चालणाऱ्या वस्तूंच्या कचऱ्याविषयीचे २०२२ चे नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू आहेत आणि धुण्याची यंत्रे त्यांत येतात. असे यंत्र मोडून त्यातील तारा जाळण्यापेक्षा बदल्यात दुकानाकडे किंवा नोंदणीकृत पुनर्प्रक्रिया करणाऱ्याकडे देणे योग्य. नव्या यंत्राच्या दोन्ही बाजूंना आता चार चार सेंटीमीटर उरले होते. पोछ्याचा दांडा तेवढ्यात उभा राहिला. बादली राहिली नाही. ती मोरीत नळाखाली गेली आणि सासूबाईंनी दुपारी पहिल्या चादरी भिजवल्याशिवायच आत टाकल्या.

शब्दांविषयी

ओळंबा म्हणजे दोरीला बांधलेले वजन. त्याने भिंत सरळ उभी आहे का ते कळते. छत्तीसगडमधील गवंडी त्याला हिंदीत साहुल म्हणतात. पाणसळ हे पृष्ठभाग सपाट आहे का ते दाखवणारे साधन आहे. काटकोन तपासण्याच्या साधनाला मराठीत गुण्या आणि हिंदीत गुनिया म्हणतात. शब्द जवळजवळ एकच. मोरी हा शब्दही दोन्ही भाषांत आहे, पण हिंदीत त्याचा अर्थ मुख्यतः पाणी जाण्याची नाली असा होतो, तर मराठी घरात मोरी ही धुण्या-भांड्यांची संपूर्ण जागा असते. मिस्त्रीशी बोलताना हा फरक ध्यानात न घेतल्यास काम भलत्याच ठिकाणी होऊ शकते.

उपक्रम

तुमच्या घरातील एखादी मोठी वस्तू निवडा. ती ज्या जागेत आहे त्या जागेची रुंदी तीन वेगवेगळ्या उंचींवर मोजा आणि मापे इंच व सेंटीमीटर दोन्हींत लिहा. ती वस्तू रस्त्यापासून त्या जागेपर्यंत कोणकोणत्या दारांतून आली असेल, त्यांचीही मापे घ्या. ती रोज वापरणाऱ्या व्यक्तीला तिच्या जागेविषयी दोन प्रश्न विचारून तिची उत्तरे तिच्याच शब्दांत आठ-दहा ओळींत लिहून काढा.